मृगाआधी वाफ्याचा सांडवा मोकळा करा

खालून पाणी ओढणाऱ्या वाफ्यात मिरची उन्हाने वाळलेली मी क्वचितच पाहिली. मेली ती पावसात, आणि कारण बहुतेक वेळा एकच: सांडव्याचं, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याचं भोक पाडलंच नव्हतं किंवा मातीने बुजलं होतं. रोप उपटावं तर मुळं तपकिरी, गटारासारखा वास. मूळ चिमटीत धरून ओढलं की साल निघून हातात नुसता दोरा. वर पानं मान टाकतात, म्हणून घरची माणसं आणखी पाणी घालतात. मृग 7 जूनच्या आसपास लागतो. त्याआधी हे काम झालंच पाहिजे.

बांधणी थोडक्यात:
- 200 लिटरचा जुना प्लास्टिक ड्रम मधोमध आडवा कापून दोन टब. खाद्यतेलाचा चालेल, कीटकनाशकाचा कितीही धुतला तरी नको.
- तळाला 15 सेंमी विटांचे तुकडे. त्यांच्या फटीत पाणी साठतं, हीच टाकी. त्यात भोकं पाडलेला, मातीने भरलेला डबा तळाला टेकवून, हीच पाणी वर ओढणारी वात.
- पाणी ओतायला पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा. तोंडाला जाळी, नाहीतर डास होतात.
- विटांवर जुनं शेडनेट, डब्याचं तोंड मात्र उघडं.
- वर 25 सेंमी भर: दोन भाग माती, एक शेणखत, एक वाळू. थर याहून फार उंच केला तर ओल वरपर्यंत चढत नाही.

आता सांडवा. तळापासून बरोबर 15 सेंमीवर, विटांचा थर संपतो तिथे, अंगठा जाईल एवढं भोक पाडा. बारीक भोक महिन्याभरात बुजतं. आतून जाळीचा तुकडा लावा. भोक भिंतीकडे नको, येता-जाता दिसेल असं ठेवा. मग पाइपातून बादली ओता. टाकी भरली की ओताल तेवढं पाणी बाहेर यायला हवं.

नेहमीच्या बांधणीत हे नसतं, पण मी अगदी तळाशी दुसरं भोक पाडून बूच लावतो. दोन दिवस झड लागली की बूच काढायचं. माझी रोपं यानेच वाचली असं मला वाटतं.

मूळकूज दिसली की दुकानदार बुरशीनाशकाची बाटली पुढे करतो. पाणी तुंबलेलं असताना ते पैसे वाया जातात. तयार किट, पाणी धरणारी पावडर, यांचीही गरज नाही. माव्याला 5 टक्के निंबोळी अर्क पुरतो: 50 ग्रॅम निंबोळीचा भरडा लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळा, संध्याकाळी फवारा.

बोअरच्या पाण्याने मातीवर पांढरा थर आला असेल तर पहिल्या पावसात बूच काढून ठेवा, क्षार धुऊन जातील.

पहिला जोराचा पाऊस आला की भर पावसात वाफ्यापाशी जाऊन बघा. भोकातून धार नसेल तर तिथेच तार घाला, सकाळवर टाकू नका.