घर डिझाईन शिकायलाय? आधी आजीच्या घराला टेप लावा

बी.आर्कला लागलेली किंवा सिव्हिल डिप्लोमा करत करत घरांची ड्रॉइंग काढणारी बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलंमुली मला भेटली की एकच विचारतात, ताई माझी स्वतःची स्टाईल कशी बनवू. मोबाईलमधे पिंटरेस्टचे शेकडो फोटो सेव्ह केलेले असतात, पांढऱ्या भिंती, काळ्या फ्रेमच्या मोठ्या काचा, एलेव्हेशनला म्हणजे घराच्या दर्शनी बाजूला लाकडी पट्ट्या. फोटो छानच असतात पण त्यातल्या एकाही घरावर जुलैमधला खानापूरचा पाऊस पडलेला नसतो. माझं मत असं आहे की स्टाईल दुकानातल्या साडीसारखी निवडून आणता येत नाही, आपण प्रत्येक घरात पुन्हा पुन्हा जे ठरवतो त्यातून ती हळूहळू दिसायला लागते, आणि ठरवायला शिकायचं तर आधी एक खरं, राहतं, जुनं घर हातानं मापायला पाहिजे. मी ज्या क्रमानं शिकले तसं सांगते, तुम्ही तुमच्या सोयीनं मागंपुढं करा.

पहिलं काम, ५ मीटरची टेप, एक लांब फीत, पेन्सिल, आलेखाची वही आणि सोबत टेपचं दुसरं टोक धरायला एक भाऊ किंवा मैत्रीण. आजीचं, मामाचं, शेजाऱ्याचं, कुणाचंही पन्नासेक वर्षांपूर्वीचं घर धरा. आधी घरभर नुसतं फिरा आणि हातानंच प्लॅन काढा, मापं न टाकता. मग एका कोपऱ्यापासून सलग मापं घ्या, म्हणजे दार कुठं सुरू झालं, कुठं संपलं, खिडकी कुठं, सगळं त्याच कोपऱ्यापासून मोजायचं, तुकड्यातुकड्यानं मोजलं तर चुका बेरीज होत जातात. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मापायचेच, कारण जुनी घरं काटकोनात नसतात आणि नुसत्या लांबी-रुंदीवर घरी येऊन ड्रॉइंग काढायला बसलात की भिंती जुळत नाहीत. मग उंच्या घ्या: जोतं, खिडकीचा तळ, दाराची उंची, पाखं (उतरतं छप्पर) खाली जिथं संपतं तिथली उंची, आढं (छपराचा सगळ्यात वरचा आडवा वासा). भिंतीची जाडी दारात उभं राहून मापता येते.

माझं आजोळ खानापूर तालुक्यातल्या जांबोटीच्या पुढं. तिथल्या घराचं दार ५ फूट ४ इंच निघालं, मातीची भिंत १८ इंच, जोतं सव्वादोन फूट, आणि पडवीवरचं कौल खाली जमिनीपासून जेमतेम ६ फुटांवर संपतंय. लहानपणी मला वाटायचं जुनी माणसं बुटकी होती म्हणून सगळं बुटकं. मापं कागदावर टाकली आणि सेक्शन, म्हणजे घर वरून खाली कापल्यावर आतून दिसेल तसं चित्र, काढला तेव्हा कळलं की पाखं एवढं खाली आणलंय ते मातीच्या भिंतीला पावसाची झड लागू नये म्हणून, जोतं वर घेतलंय ते अंगणातलं पाणी उडून भिंतीचा पाया भिजू नये म्हणून, आणि माळ्यावर चुलीचा धूर फिरतो त्यानं वासे किडत नाहीत. आजी म्हणाली पावसाळ्यात पश्चिमेच्या बाजूला ताट्या, म्हणजे झड अडवणारे आडोसे, बांधायच्या आणि दसऱ्याला सोडायच्या. म्हणजे घराला सुद्धा दोन कपडे होते, पावसाळी आणि उन्हाळी. प्लॅनमधे यातलं काहीच दिसत नव्हतं, सगळं सेक्शनमधे होतं. म्हणून माझं सांगणं, प्लॅन काढून झाला की थांबू नका, दोन सेक्शन काढाच, एक आडवा एक उभा.

मापं घेताना घरातल्या बायकांशी बोला, हे मी हात जोडून सांगते. मिरच्या कुठं वाळवता, ओल्या छत्र्या कुठं अडकवता, दुपारी कुठं पडता, पाहुणे आले की तुम्ही कुठून ये-जा करता, रात्री न्हाणीत जायला भीती वाटते का. पुस्तकात सोपा, माजघर, परसू एवढी नावं मिळतात पण त्या खोल्या कशा वापरतात ते या बोलण्यातूनच कळतं. घर कानडी असलं तरी जा, आपल्याकडं दोन्ही भाषा निम्म्या निम्म्या सगळ्यांना येतात, आणि घराबद्दल विचारलं की माणसं खुश होऊन चहा पाजतात.

असं एक घर जिल्ह्याच्या पश्चिमेचं झालं की दुसरं पूर्वेचं मापा, अथणी, रायबाग किंवा गोकाक-सौंदत्ती बाजूचं. आपल्या बेळगाव जिल्ह्यासारखी शाळा मला तरी दुसरीकडं दिसली नाही. कणकुंबी-जांबोटीकडं पाऊस कोसळतो म्हणून उतरती कौलं, आणि तिथून काही तास एसटीनं पूर्वेला गेलं की पाऊस एवढा कमी होतो की सपाट मातीची माळवदं सुरू होतात, जाड भिंती, लहान खिडक्या आणि छताला उजेडासाठी ठेवलेलं भोक ज्याला कानडीत बेळकिंडी म्हणतात. जिल्हा एकच, भाजी-भाकरी बरीचशी सारखी, पण ढग बदलले की छप्पर बदललं. ही दोन घरं एकाच स्केलला, १:५० ला (कागदावरचा १ सेंटीमीटर म्हणजे खरा अर्धा मीटर), शेजारी शेजारी भिंतीवर चिकटवा आणि महिनाभर बघत राहा.

आता माझी चूक सांगते. दुसऱ्या वर्षात असताना चुलत्यांच्या घराचं एलेव्हेशन मी काढलं. पश्चिमेला ६ फुटी खिडकी, वर छज्जा नाही कारण छज्ज्यानं घराचा डब्यासारखा चौकोनी आकार तुटतो आणि लुक जुना वाटतो असं तेव्हा डोक्यात बसलेलं. पहिल्याच जूनमधे पाणी फ्रेमच्या बाजूनं आत आलं, आतल्या गिलाव्याला पोपडे आले, काकू चार महिने खिडकीखाली जुन्या चादरी घालत होती आणि मला एक शब्द बोलली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिथं अडीच फुटाचा उतरता छज्जा केला, खालच्या कडेला पाणी तुटायला खाच ठेवली, आणि पाणी थांबलं. त्या दिवसापासून पश्चिमेची खिडकी मी आधी विचार करून मगच काढते. खरं सांगायचं तर माझ्या स्टाईलमधली पहिली ओळ काकूच्या त्या चादरींनी लिहिली.

त्यामुळं ऊन-पाऊस शिका. बेळगाव साधारण १६ अक्षांशावर आहे. याचा अर्थ मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या ८-९ तारखेपर्यंत भरदुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेकडं असतो आणि बाकी वर्षभर दक्षिणेकडं. २२ डिसेंबरला दुपारी तो जवळपास ५१ अंशांवर असतो, म्हणजे दक्षिणेच्या खिडकीवर २ फुटाचा छज्जा असेल तर त्याची सावली खाली साधारण अडीच फूट येते. ४ फुटी खिडकी असेल तर खालच्या दीड फुटातून थंडीतलं ऊन आत येणार, ते हवंय का नको ते तुम्ही ठरवा, आमच्याकडं डिसेंबरात हवंच असतं. हे स्वतः पडताळून बघा, गच्चीवर एक सरळ काठी उभी करा आणि सावली सगळ्यात आखूड होते ती वेळ लिहा, आपल्याकडं ती बाराला न होता साडेबाराच्या आसपास होते. पश्चिमेचं ऊन मात्र छज्ज्यानं अडत नाही कारण ते आडवं येतं, तिथं जाळी, झाड, जिना, न्हाणी, कपाटांची भिंत असं काहीतरी मधे घालायचं.

मग मापं अंगात मुरवायची. यासाठी मला सगळ्यात जास्त उपयोग रांगोळीचा झाला. १० बाय १० ची बेडरूम कागदावर मोठी वाटते, ती अंगणात रांगोळीनं खऱ्या मापात आखा, त्यात ६ बाय साडेसहाचा पलंग आखा, दोन फूट खोल कपाट आखा, दार उघडतं तो कोन आखा आणि आईला म्हणा यात झाडू मारून दाखव. दोन मिनिटात कळतं काय चुकलंय. जिन्याचं पण तसंच, ६ ते ७ इंच उंची आणि १० ते ११ इंच रुंदी ठीक, दोन उंच्या अधिक एक रुंदी २४-२५ इंच आली की पाय दमत नाही, पण आजोबांना ६ इंच सुद्धा जड जातं का ते विटा रचून बघा. स्वयंपाकाचा ओटा सगळे ३२ ते ३४ इंचाचा करतात, करणारी बाई कितीची आहे ते कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा.

आता मुख्य गोष्ट. एक साईट घ्या, आपल्याकडं मिळते तशी ३० बाय ४० ची, पुढून ५ फूट आणि बाकी तिन्ही बाजूंनी ३ फूट सोडून (हे सरावापुरतं, खऱ्या कामाला तुमच्या महापालिकेचे किंवा पंचायतीचे नियम बघायचे) आत २४ बाय ३२ उरतं. याच जागेवर दहा घरं काढा, दहा वेगवेगळ्या साईटवर नाही. एक घर असं की मधे ८ फुटी चौक आहे. एक बेळगावातल्या वडगाव-खासबागच्या विणकराचं, ज्यात माग आहे, त्याला उजेड लागतो, त्याचा आवाज दिवसभर चालतो आणि मागच्या खोलीत पोरगी दहावीचा अभ्यास करते. एक गुडघे गेलेल्या आजीचं, जिथं तिचं सगळं जग खालच्या मजल्यावर पाहिजे. एक दोन भावांचं, दोन चुली पण तुळस एकच. एक फक्त आठ लाखात बसवायचं, म्हणजे काय काय सोडावं लागतं ते कळेल. बटर पेपरवर (आरपार दिसणाऱ्या पातळ कागदावर) हातानं काढा, घाई नको, आठवड्याला एक पुरे. कॉम्प्युटर नंतर, ऑटोकॅड आणि स्केचअप दोन-तीन महिन्यात येतात, त्यांचं टेन्शन घेऊ नका.

दहा झाली की सगळी जमिनीवर पसरा आणि लाल पेन्सिलनं जे जे पुन्हा पुन्हा आलंय त्याला गोल करा. माझ्या दहापैकी आठात दारात बसायला कट्टा होता, नऊमधे स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला होती, आणि एकाही घरात दार उघडल्या उघडल्या थेट सगळं घर दिसत नव्हतं. मी हे ठरवून केलं नव्हतं. मग प्रत्येक लाल गोलापुढं लिहा, का? कारण सापडलं तर ते तुमचं, जपून ठेवा. कारण सापडलं नाही, नुसता कुठल्यातरी फोटोचा शिक्का असला तर पुढच्या दहात ते मुद्दाम टाळून बघा. सहा महिन्यांनी परत हेच करा.

मोठ्या आर्किटेक्टांचं काम बघायचं ते सुद्धा असंच, फोटो बघून नाही, त्यांचे प्लॅन आणि सेक्शन हातानं परत काढून. चार्ल्स कोरियांचं अहमदाबादचं ट्यूब हाऊस काढा, अरुंद लांबट घर, छताचा उतार असा की गरम हवा वर सरकत सरकत बाहेर निघून जाते. बेळगावातल्या शहापूरच्या बोळातल्या दोन्ही बाजूंना भिंती असलेल्या लांबड्या घरांना हे किती उपयोगी पडेल बघा की. त्यांचीच कला अकादमी पणजीत आहे, चोर्ला घाटातून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. बाळकृष्ण दोशी, पुण्यात जन्मलेले, ज्यांना २०१८ ला प्रिट्झकर हा आर्किटेक्टांचा जागतिक पुरस्कार मिळाला, त्यांची इंदूरची अरण्य वसाहत बघा, तिथं लोकांना जोतं, संडास-न्हाणी आणि एखादी खोली एवढंच देऊन बाकीचं घर त्यांचं त्यांना वाढवू दिलं. आणि लॉरी बेकर. केरळात राहून त्यांनी विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवायची रॅट ट्रॅप पद्धत रुजवली, भिंत ९ इंचीच राहते पण विटा पाव भागापर्यंत वाचतात आणि ऊन कमी लागतं. स्लॅबमधे खालच्या बाजूचं काँक्रीट ताण घेत नाही, तो ताण सळी घेते, म्हणून तिथं मंगलोरी कौलं भरायची ही फिलर स्लॅबची युक्ती पण त्यांनी खूप वापरली. खानापूर तर कौलांचं आणि मातीकामाचंच गाव, आपल्याला कौलं लांबून आणायला नकोत.

आणि जवळचं विसरू नका. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ ची आहे, छताचं दगडी कमळ बघायला सगळे जातात, तुम्ही उजेड बघायला जा. बाहेर ऊन, मंडपात सावली, आत अजून मंद, गाभाऱ्यात जवळपास अंधार, डोळे पायरीपायरीनं शांत होतात. मग आठवा, अंगण, पडवी, सोपा, माजघर, देवघर, आपल्या घरात पण उजेड असाच कमी कमी होत जायचा. कित्तूरचा वाडा पडका आहे, बऱ्याच ठिकाणी छत नाही, म्हणूनच विद्यार्थ्याला तो सोन्यासारखा, प्लॅन जमिनीवर उघडा पडलेला असतो, त्यात चालत चालत प्लॅन काढता येतो.

गवंड्याशी मैत्री करा. तुमचं ड्रॉइंग घेऊन मेस्त्रीकडं जा आणि विचारा यातलं काय अवघड जाईल, कुठं पाणी मुरेल, कुठं माल वाया जाईल. माझ्या एका खिडकीची मापं त्यांनी ३ इंचानं बदलायला लावली, वीट तोडायला लागू नये म्हणून, आणि आता मी भिंतीची लांबी विटेच्या हिशोबातच धरते. वास्तुशास्त्राचा प्रश्न येणारच, घरमालकाला पहिल्याच भेटीत विचारून घ्या किती मानता, नंतर सगळा प्लॅन फिरवण्यात दोघांनाही त्रास होतो.

एक शेवटचं सांगायचं राहिलं, जे घर मापाल त्याच्या ड्रॉइंगची एक चांगली प्रिंट त्या घरच्यांना नेऊन द्या. वाटण्यांच्या वेळी किंवा दुरुस्तीला त्यांना ती लागते, आणि बरीचशी घरं आता पाडायलाच निघालीत. माझ्या आजोळच्या घराचा सेक्शन मामानं फ्रेम करून सोप्यात लावलाय. पुढच्या उन्हाळ्यात तिथं स्लॅबचं घर होणार आहे, त्याचं ड्रॉइंग मामानं मला करायला सांगितलंय, आणि मामीनं आत्ताच सांगून ठेवलंय की पडवी पाहिजे, कौलाचीच पाहिजे, आणि पश्चिमेला ताट्या बांधायला हुक ठेव.