घरात पाणी भरलं तर विजेच्या वस्तू लगेच चालू करून बघू नका, आधी धुवा

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासात ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा आम्ही कुर्ल्याला तळमजल्यावर राहायचो, गल्लीत कंबरेच्या वर पाणी आणि जोतं उंच म्हणून घरात गुडघ्याच्या जरा खाली. पाणी उतरलं, लाईट आली आणि शेजारच्या काकांनी खाली ठेवलेली म्युझिक सिस्टम चालू होतेय का बघायला बटण दाबलं, फट् करून आवाज आला आणि धूर निघाला, संपलं. आमच्या कॉम्प्युटरचा कॅबिनेट पण जमिनीवरच होता, अर्धा बुडालेला, पण मी तो आठ दिवस प्लगला लावलाच नाही आणि तो पुढे चार वर्षं चालला. फरक फक्त एवढाच होता.

नुसत्या पाण्याने सहसा सर्किट मरत नाही. ओल असताना करंट सोडला की मग शॉर्ट होतो, आणि शॉर्ट नाही झाला तरी पिनांवरचं तांबं विरघळायला लागतं. आणि आपल्याकडे घरात शिरतं ते पाणी म्हणजे गटार, चिखल, भरती असेल तर खाडीचं खारं पाणी पण. पाणी सुकतं, मीठ आणि घाण आतल्या कार्डवर, म्हणजे सर्किट बोर्डवर, तशीच राहते आणि पुन्हा हवेतली ओल धरते. म्हणून वस्तू सुकवली म्हणजे झालं असं नाही, आधी ती धुवायला लागते. भिजलेली वस्तू पाण्याने धुवायची हे ऐकून लोकांना धक्काच बसतो, पण खरंच तसंच आहे.

सगळ्यात आधी मेन स्विच बंद. पण स्वतः पाण्यात उभे असाल, किंवा मीटर बॉक्सच पाण्यात असेल, तर हात लावू नका, वीज कंपनीला फोन करून बाहेरूनच सप्लाय तोडायला सांगा. इन्शुरन्स असेल तर काही साफ करायच्या आधी फोटो काढून ठेवा, मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर पण. हातात रबरी ग्लोव्हज हवेतच, लेप्टो (घाण पाण्यातून, जखमेवाटे होणारा ताप) आपल्याकडे दर पावसाळ्यात होतो, पायाला जखम असेल आणि पाण्यातून चालला असाल तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

मग बॅटरी काढा. मोबाईल किंवा लॅपटॉपची बॅटरी भिजली असेल, फुगली असेल तर चार्जिंगला अजिबात लावायची नाही, घराबाहेर मोकळ्या जागेत ठेवायची. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा छोटा सेल पण काढा, तो राहिला तर प्लग काढलेला असला तरी आतल्या आत गंज चालूच राहतो. मायक्रोवेव्ह आणि जुना डबा टीव्ही घरी उघडू नका, प्लग काढल्यावर पण आत जीवघेणा चार्ज राहू शकतो. एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला वीज देणाऱ्या आतल्या डब्यात, पण २३० व्होल्टचे आत साधारण ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये थोडा वेळ टिकतात, ते काम मेकॅनिकचं.

आमचा कॅबिनेट उघडला तेव्हा मदरबोर्डवर मध्ये एक सरळ तपकिरी रेघ होती, पाणी कुठपर्यंत आलं ते दाखवणारी, आणि त्या रेघेखाली स्लॉटच्या पिनांवर हिरवी भुकटी जमायला लागलेली, वास तर विचारू नका. जे सुटतंय ते सगळं सुटं केलं, कोरड्या भागाला हात लावला नाही. बोर्ड आधी नळाच्या बारीक धारेखाली धुतला, मऊ टूथब्रशने, घासायचं नाही, फक्त झटकायचं. मग गाडीच्या बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड वॉटर ओतलं, म्हणजे नळाच्या पाण्यातले क्षार पण निघतात. शेवटी ९९ टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल (आयपीए), मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळतं, ते पाण्याला सोबत घेऊन उडून जातं. खिडक्या उघड्या आणि गॅस बंद ठेवूनच वापरा, पटकन पेट घेतं. थिनर किंवा पेट्रोल नको, प्लास्टिक खातात. एलसीडी पॅनल, स्पीकर, हार्ड डिस्क असल्या वस्तू नळाखाली धरायच्या नाहीत. हार्ड डिस्कच्या आत पाणी गेलंय असं वाटलं आणि आत महत्त्वाचा डेटा असेल तर सुकवू पण नका, तशीच डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

सुकवणं हा मुंबईत मोठा प्रॉब्लेम आहे कारण जुलैत हवाच ओली असते. तांदळाचा डबा विसरा, पिठूळ कण आत जातात आणि पाणी चिपच्या खालून निघत नाही. हेअर ड्रायरची गरम हवा पण नको, पाणी अजून आत ढकलते. पंख्याखाली एक दिवस, मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पाकिटं टाकून तीन-चार दिवस, किंवा बंद खोलीत एसी ड्राय मोडवर.

आगीचं प्रकरण वेगळं आहे. शेजारच्या दुकानाला आग लागली आणि तुमची वस्तू जळली नाही तरी काजळी आत गेलेली असते. वायरीचं पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराईड वायू निघतो, तो ओलीसोबत अ‍ॅसिड होतो आणि तांबं, लोखंड खायला लागतो, म्हणून इथे थांबून चालत नाही. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसू नका, काजळी पसरते आणि पिनांमध्ये बसते. आधी मऊ ब्रश आणि व्हॅक्युम, मग आयपीए. विझवायला एबीसी पावडरचा सिलेंडर वापरला असेल तर ती पावडर पण ओल लागली की गंज चढवते, तीही सगळी काढायची.

बुडालेले एक्स्टेन्शन बोर्ड, अॅडॅप्टर, एमसीबी (शॉर्ट झाल्यावर पडतात ते स्विच) फेकून द्या, त्यात पैसे वाचवू नका. फ्रीजचा कॉम्प्रेसर सीलबंद असतो, तो बहुतेक वाचतो, त्याला चालू करणारा रिले आणि कार्ड जातं.

पहिल्यांदा चालू करताना मेकॅनिकला सिरीज बल्बवर लावायला सांगा. १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब लाईनमध्ये घालतात, आत शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटून राहतो आणि वस्तू वाचते. आमचा बल्ब एकदा चमकून मंद झाला, पंखा फिरला, आणि मी सगळ्यात आधी फोटो सीडीवर कॉपी करायला घेतले.