मानेच्या एक्सरेत फट दिसली, फ्रॅक्चर की जन्मापासूनची? असं बघा

परवा रात्री दोनला द्वारका चौकात बाईक स्लिप झालेला पोरगा आला, मान दुखतेय, एक्सरेत मानेच्या पहिल्या मणक्याच्या, म्हणजे ॲटलसच्या, मागच्या कमानीत सरळ फट, आणि घरच्यांना तोवर कुणीतरी सांगूनही टाकलेलं की मान मोडली. आई स्ट्रेचरचा दांडा सोडायला तयार नव्हती. सिटी स्कॅनमध्ये फट जन्मजात निघाली. माझ्या ज्युनियर्ससाठी म्हणून हे लिहितोय.

आधी एक, मानेची कॉलर काढायची नाही. जन्मजात वाटतंय म्हणूनसुद्धा नाही, बारीक कापांचा सिटी होईपर्यंत मान हलू द्यायची नाही.

मग कडा बघा, सगळं तिथेच आहे. ताजं फ्रॅक्चर म्हणजे मोडलेलं बिस्किट, कडा धारदार, वेड्यावाकड्या, दोन तुकडे मनातल्या मनात जोडले तर एकमेकांत बसतात. जन्मजात फटीच्या कडा गोल, गुळगुळीत आणि त्यांच्यावर कॉर्टेक्सची (हाडाच्या कडक बाहेरच्या थराची) पांढरी रेघ पूर्ण फिरलेली असते. मागच्या कमानीतली फट 100 माणसांत साधारण 4 जणांना असते, पुढच्या कमानीतली फारच कमी, पण दोन्ही एकत्र असल्या की हुबेहूब जेफरसन फ्रॅक्चर (पहिल्या मणक्याचं कडं पुढून-मागून मोडणं) वाटतं. अशा वेळी ओपन माउथ व्ह्यूत (तोंड उघडून समोरून काढलेल्या एक्सरेत) ॲटलसच्या बाजू दुसऱ्या मणक्याच्या बाहेर किती सरकल्यात ते मोजा, 1-2 मिमी जन्मजातमध्ये चालतं, दोन्ही बाजूंची बेरीज 7 मिमीच्या आसपास गेली तर लिगामेंट फाटल्याची शंका घ्यायचीच. तरीही खात्री नसेल तर एमआरआय, स्टर सिक्वेन्सवर (एमआरआयचा सूज दाखवणारा प्रकार) हाडात सूज चमकली तर मार ताजा.

लहान मुलांत घाई करू नका. आठ वर्षांखाली दुसरा मणका तिसऱ्यावर थोडा पुढे सरकलेला दिसतो, पहिल्या आणि तिसऱ्याच्या मागच्या कमानींच्या पुढच्या कडा रेघेने जोडा, दुसऱ्याची कड त्या रेघेपासून 2 मिमीच्या आत असेल तर बहुतेक नॉर्मल. डेन्सच्या (दुसऱ्या मणक्याचा वर आलेला दातासारखा भाग) बुडाशी कूर्चेची रेघ सहाएक वर्षांपर्यंत दिसते, तिला फ्रॅक्चर म्हणू नका.

आता ऑस ओडोंटॉइडियम. डेन्सच्या जागी सुटा गोल तुकडा आणि समोरची ॲटलसची कमान जाड, गोलसर. जुनं आहे म्हणून घरी पाठवाल तर चुकाल, ही मान अस्थिर असू शकते, छोट्या धक्क्यानेही मज्जारज्जू दबू शकतो. स्पाइन सर्जनला दाखवल्याशिवाय सोडू नका, आणि मान वाकवून एक्सरे काढायचे की नाही ते त्यांनाच ठरवू द्या.

रिपोर्टात 'जन्मजात' हा शब्द स्पष्ट लिहा आणि सिटीची सीडी घरच्यांच्या हातात द्या. त्या पोराच्या आईला मी सांगितलं, ताई, ही फाइल जपून ठेवा, पुढे कुठेही पडला झडला तर डॉक्टरांना पहिली हीच दाखवा.