एका फॉन्टची दहा नावं: सामायिक यादी कशी सांभाळावी

नागपुरात महालातल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात रोज दोन-तीन फाइली अशा येतात, की उघडल्या उघडल्या ‘फॉन्ट सापडत नाही’ची खिडकी समोर. गांधीबागेतला छापखाना, सीताबर्डीवरचा फ्लेक्सवाला, धंतोलीतली एक डिझायनर आणि मी, असे आम्ही चौघं मिळून कोणत्या फॉन्टच्या जागी कोणता चालतो याची एक यादी ठेवतो. ‘शीट बनवा, नावं भरा, झालं’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी अशी यादी एक लग्नसराईही चालवलेली नसते.

शीट ऑनलाइन उघडा, सगळ्यांना हक्क द्या. पुढे.

प्रत्येक फॉन्टला एकच ओळ, आणि ओळीची ओळख म्हणून मेनूत दिसणारं नाव घेऊ नका. फॉन्टच्या फाइलीत नावांचा एक तक्ता असतो. त्यात १ क्रमांकाला कुटुंबाचं नाव, ४ ला पूर्ण नाव आणि ६ ला पोस्टस्क्रिप्ट नाव, म्हणजे छपाईच्या यंत्रणेसाठी जागा न सोडता लिहिलेलं नाव. हे सहावं घ्या. जुन्या पद्धतीत विंडोज एका कुटुंबात चारच भावंडं मोजतं: साधं, ठळक, तिरकं, ठळक-तिरकं. त्यामुळे ‘मुक्ता’ या फॉन्टचं एक्स्ट्राबोल्ड, म्हणजे जास्त ठळक रूप, एका मशीनवर मुक्ताच्या पोटात दिसतं, दुसऱ्यावर वेगळं बिऱ्हाड करून बसतं. पीडीएफमधून नाव उचलत असाल तर सुरुवातीची सहा कॅपिटल अक्षरं आणि अधिकचं चिन्ह खोडा. तो फॉन्टमधली फक्त वापरलेली अक्षरं जोडल्याचा शिक्का आहे, नावाचा भाग नाही. आमच्या यादीत पहिल्याच महिन्यात मंगल हा फॉन्ट अकरा वेळा आला होता तो यामुळेच.

इंग्रजी फॉन्टच्या ओळी सोप्या. अमेरिकेत अक्षराच्या आकारावर कॉपीराइट मिळत नाही, नावावर मात्र ट्रेडमार्क मिळतो. म्हणून बिटस्ट्रीम या फॉन्ट कंपनीने हेल्व्हेटिका ‘स्विस ७२१’ म्हणून विकला, टाइम्स ‘डच ८०१’ म्हणून, युनिव्हर्स ‘झुरिक’ म्हणून. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरबरोबर तेच येतात, आणि इथले फ्लेक्स बहुतेक कोरलमध्येच होतात. एकदा भरा आणि विसरा.

खरी गोम आहे ती ‘समान’ या रकान्यात. मी तिथेच आपटले.

एका मंडळाची स्मरणिका होती. फाइल विंडोज ७ वर, कोकिला फॉन्टमध्ये केलेली. माझं मशीन विंडोज १०, आणि त्यात कोकिलाच काय, मंगलही आपोआप येत नाही. देवनागरीचे पुरवणी फॉन्ट वेगळे उतरवून घ्यावे लागतात. यादीत ओळ होती ‘कोकिला = निर्मला’. मीच लिहिलेली, कारण दोन्ही युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराचा क्रमांक दोन्हीत एकच. बदलला. एकही अक्षर तुटलं नाही, प्रूफ दोनदा वाचलं, छापून दिलं. पण कोकिला त्याच पॉइंटला बराच लहान दिसतो. निर्मला आल्यावर मजकूर फुगला आणि देणगीदारांच्या चौकटीतली शेवटची पाच नावं चौकटीखाली गडप झाली. जे छापलं होतं ते सगळं बरोबर, म्हणून प्रूफात काही लागलंच नाही. तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ दुकानात आले, “काहून ताई, आमच्या भावाचं नाव कुठं गेलं?” ते पान माझ्या खर्चाने पुन्हा छापलं.

तेव्हापासून ‘समान’ हा शब्द यादीतून हद्दपार. त्याजागी तीन रकाने: कोड, माप, वळण. प्रत्येकात ‘हो’ किंवा ‘नाही’. ‘साधारण’ लिहिलेलं दिसलं की मी ओळ परत पाठवते.

कोड म्हणजे तीच की दाबली तर तेच अक्षर उमटतं का. कृतिदेव ०१० या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द आतून इंग्रजी ई, जे, के, मोठा बी आणि एच असतो. त्याच पद्धतीचा देवलिस ०१० लावला तरी मराठीच वाचता येतं, म्हणून ‘हो’. मंगल लावला तर इंग्रजीचा कचरा, म्हणून ‘नाही’. तिथे फॉन्ट नव्हे, मजकूरच कन्व्हर्टरमधून काढावा लागतो. नागपुरात हिंदी टायपिंग शिकलेले लोक भरपूर, त्यामुळे कृतिदेवच्या फाइली संपता संपत नाहीत. श्रीलिपी आणि आकृती या जुन्या फॉन्टसंचांचे कोड पुन्हा आणखी वेगळे.

माप म्हणजे ओळी जिथल्या तिथे तुटतात का. रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीने २००७ साली आणलेला लिबरेशन सॅन्स एरियलच्या रुंदीवर बेतलेला आहे, कार्लिटो कॅलिब्रीच्या. देवनागरीत मला अशी जोडी अजून भेटलेली नाही, तेव्हा तिथे डोळे मिटून ‘नाही’.

वळणाच्या रकान्यात पाकळीचा ल आणि देठाचा श बघा. २०२२ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी हीच रूपं ठरवली आहेत. हिंदी वळणाचा ल लग्नपत्रिकेत गेला तर नवरीकडचे एखादे निवृत्त गुरुजी तो हमखास पकडतात. ॲ सुद्धा तपासा. युनिकोडमध्ये तो २००८ साली आला, त्यामुळे विंडोज एक्सपीच्या काळातल्या मंगलमध्ये त्याजागी चौकोन दिसतो.

आणखी दोन गोष्टींवर मी हट्टी आहे. एक, बदल कोणत्या दिशेला ते लिहा. नऊ वजनांच्या, म्हणजे अक्षराच्या नऊ जाडींच्या, फॉन्टऐवजी दोन वजनांचा घातला तर पातळ आणि काळी अक्षरं जातात. उलट दिशेला काही बिघडत नाही. दोन, साखळी जोडू नका. क च्या जागी ख चालतो आणि ख च्या जागी ग, म्हणून क च्या जागी ग चालतो असं नव्हे. एका पोराने उत्साहाने सॉर्ट लावून अशा जोड्या एकत्र केल्या होत्या. ती शीट मागच्या आवृत्तीवर नेताना माझा रविवार गेला.

नवी ओळ भरण्याआधी दोन्ही फॉन्टमध्ये एकच वाक्य छापायचं. आमचं असं: ‘येणाऱ्या वऱ्हाडाने ॲडव्हान्स देऊन १२३४५६७८९० सावजी थाळ्या सांगितल्या, लक्ष्मीकाकू, श्रद्धा, ज्ञानेश शहारले.’ यात ऱ्या, ळ, क्ष, ज्ञ, श्र, द्ध आणि दहाही आकडे येतात. पडद्यावर बघून भागत नाही, कागदावर काढा. कोड जुळत नसेल तर तिथेच कळतं.

फॉन्टच्या फाइली त्या शीटबरोबर वाटू नका. परवाना ज्याचा त्याचा.

ओळ पुसायची नाही. चुकली तर लाल करायची आणि शेजारी कारण लिहायचं. ‘कोकिला = निर्मला’ आमच्या यादीत अजून आहे, लाल रंगात, पुढे ‘पाच देणगीदार’ असं लिहिलेलं. शेवटच्या रकान्यात तपासल्याची तारीख आणि तपासणाऱ्याचं आद्याक्षर. तारीख दोन वर्षांहून जुनी झाली की ओळ आपोआप पिवळी होते, आणि पिवळी ओळ वापरायची तर आधी सावजी थाळ्यांचं प्रूफ काढायचं.