नाईलवरच्या इथिओपियाच्या धरणाची बातमी आली की आकडे कसे वाचायचे

आधी नकाशा उघडा. धरण ब्ल्यू नाईलवर, सुदानच्या बॉर्डरजवळ. ही नदी सुदानच्या राजधानीत, खार्टुमला, व्हाइट नाईलला मिळते आणि तिथून पुढे नाईल म्हणून इजिप्तकडे जाते; इजिप्तपर्यंत जाणारं बहुतेक पाणी इथिओपियाच्या डोंगरातून येतं, म्हणून कैरोला, म्हणजे इजिप्तच्या सरकारला, एवढं टेन्शन.

मग साठा बघा. ७४ अब्ज घनमीटर असं लिहिलेलं असतं, आपल्याला काहीच कळत नाही. सरळ ३५.३ ने गुणा, टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) मिळतं. साधारण २६०० येतात. कोयना १०५ टीएमसी, म्हणजे जवळपास २५ कोयना, बसा आता मोजत!

मेगावॅटला मात्र फसू नका. ५१५० मेगावॅट ही मशीनची ताकद, सगळी टर्बाइन्स वर्षभर फुल चालली तर ४५०० कोटी युनिट होतील, पण अपेक्षा आहे साधारण १५०० कोटींच्या आसपास, कारण पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर आणि पाणी पुरवून वापरावं लागतं.

तारखाही वेगवेगळ्या धरा. काम सुरू २०११, पाणी अडवायला सुरुवात २०२०, पहिली वीज फेब्रुवारी २०२२, उद्घाटन सप्टेंबर २०२५. खर्चासाठी लोकांनी बाँड घेतले, सरकारी नोकरांचे पगारही त्यात गेले.

आणि 'इजिप्तचं पाणी बंद' असं हेडिंग दिसलं तर थांबा, वीज बनवून झाली की पाणी खालीच जातं, खरं भांडण दुष्काळात किती सोडायचं याचं आहे.