आलमारीतली ओल आणि बुरशी: आधी भिंत तपासा, डांबरगोळ्या नंतर

झड लागली की आलमारी उघडताच कुबट वास येतो, काळ्या कपड्यांवर पांढरा बुरा दिसतो आणि लगेच डांबरगोळ्या आणल्या जातात. डांबरगोळी किड्यांसाठी असते. तिनं ओल हटत नाही, कुबट वासावर दुसरा वास तेवढा चढतो. कापूर आणि कडुनिंबाच्या पाल्याचंही तेच. वाटीभर तांदूळ ठेवायला सांगणाऱ्याकडे तर लक्षच देऊ नका.

रिकामी करून पुसा

उघाड पाहून आलमारी पूर्ण रिकामी करा. बुरशी कोरड्या फडक्यानं झटकू नका, ती घरभर उडते. नाकातोंडाला रुमाल बांधून साबणाच्या पाण्यातल्या पिळलेल्या फडक्यानं पुसा. लाकडाला त्यानंतर पांढरं व्हिनेगर लावून तासाभरानं पुसून घ्या. लोखंडाला साबणच पुरे. ब्लीचिंग पावडरनं लोखंड गंजतं, आणि ब्लीचिंग व व्हिनेगर एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू निघतो.

ओल कुठून येते ते शोधा

बहुतेकांची मेहनत इथंच वाया जाते. ओल जमिनीतून वर चढते, बाहेरून भिंतीत मुरते किंवा हवेतून येते. तिन्हींचा इलाज वेगळा आहे, त्यामुळं कारण न शोधता रंग लावणं म्हणजे पैसे घालवणं.

आलमारीमागच्या भिंतीवर दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिक लावून चारही कडा चिकटपट्टीनं बंद करा. चुन्यावर पट्टी धरत नसेल तर कडांवर लाकडी पट्ट्या ठोका. दोन दिवसांनी पाहा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला दमटपणा असेल तर दोष हवेचा.

भिंतीतून येत असेल तर डाग वाचा. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत आडवा पट्टा, लोणा (पांढरे क्षार) आणि पोपडे दिसले तर ओल घराच्या पायातून येतेय. काळी माती पाऊस थांबल्यावरही पाणी धरून ठेवते. जुन्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थर नसतो, आणि दिव्याची वात तेल ओढते तशी वीट-मातीची भिंत पाणी वर ओढते. अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा, ऑइलपेंट किंवा टाइल लावू नका, मिस्त्री कितीही खात्री देवो. पाण्याला बाहेर पडायची वाट उरत नाही आणि जी ओल तीन फुटांवर होती ती पाच फुटांवर जाते. सिमेंट ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत खरवडून काढा, उन्हाळाभर भिंत उघडी वाळू द्या, मग चुन्याचा गिलावा करून चुना मारा. मातीची भिंत मातीनंच लिंपा. बाहेरून जोत्याला टेकलेली माती, शेणखत, कुटार, सरपण हटवा. अंगण घरातल्या जमिनीपेक्षा किमान सहा इंच खाली आणि उतार घरापासून दूर हवा. हे न करता आतून काहीही करा, ओल परत येणारच.

डाग वरून खाली उतरत असेल तर छपराचं सरकलेलं कवेलू किंवा टिनाच्या खिळ्याचं भोक शोधा. बारमाही डाग असेल तर भिंतीपलीकडे न्हाणी आहे का पाहा. भिंतीतल्या आलमारीची पाठ बाकीच्या भिंतीपेक्षा पातळ असते, म्हणून ओल तिथं आधी दिसते. तिला प्लायवूड चिकटवू नका. पट्ट्या ठोकून इंचभर पोकळी सोडा, मग फळी लावा.

हवेतल्या ओलीचा आपल्याकडचा मोठा गुन्हेगार कूलर. मे महिन्यात हवा कोरडी असते, तेव्हा चालतं. मृगाचा पाऊस पडला तरी उकाडा म्हणून पंप सुरूच राहतो आणि सगळा दमटपणा कपड्यांत जाऊन बसतो. पाऊस लागला की पंप बंद करा, नुसता पंखा ठेवा. ओले कपडेही त्या खोलीत दोरीवर नकोत, ओसरीत टाका.

परत मांडताना

लोखंडी आलमारी भिंतीपासून चार इंच पुढं आणि विटांवर ठेवा.

"रोज दार उघडं ठेवा" हा सल्ला अर्धाच खरा. झडीत उघडं ठेवलं तर बाहेरची ओल आत येते. उघाड असेल त्या दिवशी सकाळी 11 ते दुपारी 3 उघडा, एरवी बंद. वाळलेले कपडेही ऊन उतरायच्या आत घडी करून ठेवा.

भिंतीचं काम झाल्यावरच ओल शोषणारं काही ठेवा. कॅल्शियम क्लोराइड 250 ग्रॅम, भोकं पाडलेल्या झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सगळ्यात खालच्या कप्प्यात आणि लेकरांच्या हाती लागणार नाही असं. त्याचं पाणी होतं आणि ते सांडलं तर पत्रा गंजतो, चामडं खराब होतं, म्हणून कपड्यांवर टांगू नका. सातबारा, पासबुक, पीकविम्याचे कागद घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या) सोबत ठेवा. निळं जेल गुलाबी झालं की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं, पण त्यात कोबाल्ट असतो, त्यामुळं स्वयंपाकाचं भांडं त्यासाठी घेऊ नका. रेशमी लुगडी सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नाही.