चिखलदऱ्याच्या उंचीवर सरपणासाठी मध्यम चेनसॉ निवडताना

विदर्भातल्या खेड्यांत रोजची चूल बहुधा पऱ्हाटीवर आणि तुराटीवर पेटते, आणि तेवढ्यासाठी कोणी चेनसॉ विकत घेत नाही. मशीनची गरज पडते ती धुऱ्यावरची वाळलेली बाभूळ, वादळात आडवा झालेला कडुलिंब किंवा मोडीत काढलेली संत्र्याची जुनी बाग यांचे चुलीत मावतील असे तुकडे करायचे असतात तेव्हा. ज्यांचे घर किंवा शेत चिखलदऱ्याच्या पठारावर आहे, त्यांना थंडीच्या दिवसांत शेकोटीसाठी आणि पाणी तापवण्यासाठी जाड लाकूडही बरेच लागते. असा माणूस मशीन घ्यायला अमरावतीला किंवा परतवाड्याला उतरतो, दुकानदार दोरी ओढून ती चालू करून दाखवतो, आवाज दमदार येतो आणि सौदा होतो. तीच मशीन घाट चढून वर नेली की धूर जास्त सोडते आणि बुंध्यात अडकू लागते. मशीन नेहमीच सदोष असते असे नाही. ती ज्या हवेत जुळवलेली होती ती हवा खाली राहिलेली असते, आणि निवड करतानाच याचा विचार करावा लागतो.

अमरावती समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मीटरवर आहे आणि चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर. साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर ३०० मीटर चढाईला साधारण ३ टक्क्यांनी घटते, म्हणजे या दोन ठिकाणांतला फरक जवळपास ८ टक्के होतो. मात्र हवा केवळ उंचीमुळे विरळ होत नाही, उन्हानेही होते, आणि आपल्याकडे ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोठी आहे. चंद्रपुरातील मे महिन्याची ४६ अंशांची दुपार आणि चिखलदऱ्यातील डिसेंबरची १५ अंशांची सकाळ यांचा हिशेब केला, तर दोन्ही ठिकाणच्या हवेची घनता जवळजवळ सारखीच निघते. उलट मैदानातली थंडीची पहाट आणि पठारावरची मे महिन्याची दुपार यांच्या हवेत जवळपास पाचव्या हिश्शाचा फरक पडतो. म्हणून वऱ्हाडात किंवा झाडीपट्टीत राहणाऱ्या वाचकानेही उंचीचा प्रश्न आपला नाही असे मानू नये.

मध्यम आकार म्हणजे ढोबळमानाने ४५ ते ६० सीसी. त्याखालच्या मशीन फांद्या छाटायला आणि बागेच्या कामाला बऱ्या असतात, तर ७० सीसीच्या वरच्या मशीन मोठे वृक्ष पाडणाऱ्या व्यावसायिकांसाठी असतात आणि दिवसभर हातात धरणे सोपे नसते. चांगल्या बनावटीची ४५ सीसीची मशीन सुमारे २.३ किलोवॉट देते आणि ५० सीसीची सुमारे २.५. ही आकडेवारी दाट हवेतली असते. पठारावर ५० सीसीच्या मशीनकडून खाली ४५ सीसीची मशीन जेवढे काम करते तेवढ्याचीच अपेक्षा ठेवावी. माझे मत असे की मैदानात सुबाभूळ, निलगिरी आणि संत्र्याची खोडे कापणाऱ्याला ४५ सीसी पुरते, मैदानातल्याच वाळलेल्या बाभळीसाठी ५० सीसी घ्यावी, आणि चिखलदऱ्याला कायम राहणाऱ्याने ५० ते ५५ सीसीच्या खाली उतरू नये. त्याहून मोठी घेऊन उपयोग कमी आणि थकवा जास्त, कारण ५५ सीसीची मशीनच बार (ज्या लांब पट्टीभोवती चेन फिरते ती) आणि चेन सोडून ५ किलोच्या पुढे जाते, आणि पेट्रोल व तेल भरल्यावर त्यात आणखी भर पडते.

बाजारात ‘५८ सीसी’ असे मोठ्या अक्षरांत छापलेल्या स्वस्त मशीनही भरपूर मिळतात. अशा आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी माहितीपत्रकात सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनचा स्ट्रोक शोधावा. दोन्ही सेंटिमीटरमध्ये घेऊन व्यासाचा वर्ग करावा, त्याला ०.७८५ ने आणि मग स्ट्रोकने गुणावे, की खरी क्षमता हाती येते. ४.५ सेंटिमीटर व्यास आणि ३.३ सेंटिमीटर स्ट्रोक असेल तर उत्तर साडेबावन्न सीसी येते, खोक्यावर काहीही छापलेले असो. ज्या पत्रकात ही दोन मापेच दिलेली नसतात, तिथे किलोवॉटचा आकडा विचारावा. तोही नसेल तर दुसरे दुकान पाहावे.

कार्बोरेटर

सगळ्या निवडीत सर्वाधिक वेळ कार्बोरेटरला, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला, द्यावा. साधा कार्बोरेटर आत येणाऱ्या हवेचे वजन मोजत नाही. हवेच्या वेगामुळे जो खेच निर्माण होतो त्यावर तो पेट्रोल सोडतो. हवा विरळ झाली की तिचे वजन जितके घटते तितके पेट्रोल घटत नाही, त्यामुळे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. प्लग काजळतो, धूर काळपट होतो आणि मशीन पूर्ण फेऱ्यांपर्यंत पोहोचत नाही. विरळ हवेमुळे गेलेली ताकद कोणत्याही स्क्रूने परत येत नाही, परंतु बिघडलेल्या मिश्रणामुळे जी आणखी ताकद जाते ती परत मिळवता येते. म्हणून ज्या मशीनचे स्क्रू फिरवता येतात, किंवा जिचा कार्बोरेटर हे काम आपोआप करतो, अशीच मशीन घ्यावी. ‘एम-ट्रॉनिक’ आणि ‘ऑटोट्यून’ या नावांच्या प्रणाली इंजिनाच्या फेऱ्या पाहून मिश्रण स्वतः जुळवतात. खाली-वर सतत ये-जा करणाऱ्याला त्यांची जास्तीची किंमत परवडते. एकाच ठिकाणी काम करणाऱ्याला साधा कार्बोरेटर पुरतो, आणि त्याची दुरुस्ती तालुक्याच्या मेकॅनिकलाही जमते.

साध्या कार्बोरेटरवर सहसा तीन स्क्रू असतात. ‘एल’ मंद गतीसाठी, ‘एच’ पूर्ण गतीसाठी आणि तिसरा नुसत्या चालत्या ठेवण्याच्या फेऱ्यांसाठी. काही मशीनवर ‘एल’ आणि ‘एच’ यांवर प्लास्टिकच्या टोप्या असतात आणि त्या स्क्रूला थोडेच फिरू देतात. पठारावर तेवढी मुभा पुरेल का, हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे. जुळवणी करण्याआधी हवेचा फिल्टर धुऊन वाळवावा, कारण मळलेला फिल्टरही उंचीसारखीच लक्षणे दाखवतो आणि माणूस उगाच स्क्रू फिरवत बसतो. मशीन गरम झाल्यावर ‘एच’ स्क्रू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एका वेळी आठवा हिस्सा फेरा इतकाच फिरवावा. पूर्ण थ्रॉटलला, लाकडाबाहेर, मशीनचा आवाज किंचित अडखळता यावा आणि लाकडात शिरताच तो स्वच्छ व्हावा, ही योग्य खूण आहे. बाहेरच आवाज चिरका आणि एकसंध येत असेल, तर पेट्रोल कमी पडत आहे असे समजून स्क्रू लगेच मागे घ्यावा. फेऱ्यांची कमाल मर्यादा पुस्तिकेत दिलेली असते; जवळ फेरेमापक असेल तर कानापेक्षा तोच बरा.

खरा धोका वर जाताना नसून उतरताना आहे. पठारावर कमी केलेले पेट्रोल खालच्या दाट हवेला अपुरे पडते, आणि टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळत असल्यामुळे पेट्रोलबरोबर तेलही घटते. मशीन काही वेळ नेहमीपेक्षा तडफदार वाटते आणि मग पिस्टन चिकटतो. वर केलेली जुळवणी किती फेऱ्यांची होती हे मशीनच्या पेटीवर लिहून ठेवावे आणि खाली आणताना, दोरी ओढण्यापूर्वीच, स्क्रू मूळ जागी न्यावा.

यात पेट्रोलचाही एक भाग आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, तर हातात धरायच्या यंत्रांचे बहुतेक उत्पादक १० टक्क्यांपर्यंतचेच चालते असे सांगतात. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याचे मिश्रण पेट्रोलच्या दृष्टीने थोडे अपुरे ठरते. पठारावर हा परिणाम उंचीच्या परिणामाविरुद्ध जातो, पण मैदानात थंडीच्या दिवसांत तो धोक्यात भर घालतो. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी शोषते आणि कार्बोरेटरमधल्या जुन्या बनावटीच्या रबरी पडद्यांना त्रास देते. मशीन कोणत्या इंधनासाठी बनवली आहे हे पुस्तिकेत पाहूनच घ्यावे, आणि टाकीत पेट्रोल ठेवून ती पावसाळाभर कोपऱ्यात टाकू नये. तेलाचे प्रमाण ५० ला १ असेल तर लिटरला २० मिलिलिटर, आणि २५ ला १ असेल तर ४० मिलिलिटर घालावे. मोटारसायकलच्या फोर-स्ट्रोक इंजिनाचे तेल मात्र यात चालत नाही.

बार आणि चेन

लांब बार पाहून ग्राहक भाळतो. ५० सीसीच्या मशीनवर २२ इंची बार लावून दिलेला असतो, आणि वाळलेल्या बाभळीत तो पूर्ण बुडाला की इंजिन मान टाकते. घनमीटरला सुमारे ८०० किलो भरणारे हे लाकूड विरळ हवेत कापायचे असेल तर १६ इंची बार उत्तम, १८ इंची ही मर्यादा. १६ इंची बारने दोन्ही बाजूंनी काप घेऊन दोन फुटांहून जाड बुंधाही तोडता येतो, आणि सरपणात याहून जाड काही क्वचितच येते. बार आखूड केल्याने जी ताकद वाचते ती उंचीने घेतलेल्या ताकदीची बऱ्यापैकी भरपाई करते. हा उपाय फुकटचा आहे, म्हणून तो दुकानदार सहसा सुचवत नाही.

चेनच्या दातांचे दोन प्रकार विचारून घ्यावेत. चौकोनी कोपऱ्याचा दात स्वच्छ, ओल्या लाकडात वेगाने चालतो, पण सालीत अडकलेली काळी माती लागताच बोथटतो. गोलसर कोपऱ्याचा, म्हणजे सेमी-चिझल, थोडा सावकाश कापतो आणि धार जास्त वेळ टिकवतो. धुऱ्यावरच्या झाडांवर माती उडालेली असते आणि कित्येकदा कुंपणाची तार किंवा खिळा लाकडाने गिळलेला असतो, म्हणून आपल्याकडे सेमी-चिझलच घ्यावी. ०.३२५ इंच पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचे माप) चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते, तर ३/८ इंच पिचच्या लो-प्रोफाइल, म्हणजे ठेंगण्या, चेनला ४ मिलिमीटरची. कानस मशीनबरोबरच घ्यावी आणि बाभूळ कापताना दर टाकीला दोन-तीन घासे द्यावेत. भुशाऐवजी पीठ पडू लागले की धार गेली असे समजावे. बाभूळ ओली असतानाच तुकडे करून मग वाळवणे मशीनला आणि माणसाला, दोघांनाही सोपे जाते. बारच्या टाकीत गाडीचे जळके ऑइल ओतण्याची सवय फार पसरली आहे. त्यातली धातूची कुसळे तेलपंप खातात.

बॅटरीवरच्या चेनसॉला उंचीची बाधा होत नाही, हे खरे आहे. बागेच्या छाटणीसाठी त्या छानच आहेत, पण दिवसभर बाभूळ कापायची तर जोडीला दोन-तीन बॅटऱ्या आणि भरवशाची वीज लागते.

कायद्याची एक गोष्ट मशीन घेण्याआधीच ठाऊक असावी. महाराष्ट्रात झाडे तोडण्यासंबंधीचा १९६४ चा कायदा आहे, आणि त्याच्या अनुसूचीत साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, ऐन, बीजा, खैर, तिवस, हिरडा अशी झाडे आहेत. स्वतःच्या शेतातली असली तरी ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. मेळघाटात तर शेताची हद्द आणि जंगलाची हद्द लागून असतात, त्यामुळे तोडीची आणि वाहतुकीची दोन्ही चौकशी आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात करावी.

दुकानात गेल्यावर मशीन थंड असताना स्वतः दोरी ओढून चालू करावी, पाच मिनिटे चालवून बंद करावी आणि लगेच पुन्हा चालू करून पाहावी. गरम अवस्थेत जी चालू होत नाही ती रानात रडवते. पुढची ढाल ढकलून चेन ब्रेक खरोखर लागतो का, तुटलेली चेन पकडणारा आकडा आहे का, आणि मुठीवरची कळ न दाबता थ्रॉटल ओढला जात नाही ना, हे पाहावे. या तिन्हींपैकी एक जरी नसेल तर किंमत कितीही कमी असली तरी मशीन घेऊ नये. हेल्मेट, जाळी, कानावरचे संरक्षण आणि पायांसाठी काप-रोधक आवरण यांचे पैसे मशीनच्या खर्चातच धरावेत. आवरण उन्हाळ्यात सहन होत नाही ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे काम सकाळी नऊच्या आत उरकणे. पैसे देण्यापूर्वी कार्बोरेटरचा दुरुस्ती संच, स्प्रॉकेट (चेन फिरवणारे दातेरी चाक) आणि क्लच त्याच दुकानात मिळतात का ते विचारावे, आणि शक्य असल्यास जुळवणीसाठी मशीन पहिल्यांदा वर नेल्यावर मेकॅनिक फोनवर मार्गदर्शन करील, असे त्याच्याकडून कबूल करून घ्यावे.